आईचा आवाज तीन घरी



आमच्या आईच्या आवाजाच्या अकरा कॅसेटी आहेत. १९९३ ते १९९७ या काळात शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर मागून आणून आम्ही त्या भरल्या. दळण गिरणीत जायला लागून तोवर पुष्कळ वर्षे झाली होती, पण जाते कोपऱ्यात होते. खुंट्याला हात लावल्याशिवाय ओवी सुचत नाही, असे आईचे म्हणणे. म्हणून ती रिकाम्या जात्याशी बसे आणि गाई. माहेरच्या, भावाच्या, बाबासाहेबांच्या, कधी नळावरच्या भांडणाच्यासुद्धा. मागे स्टोव्हची घरघर, लोकलचा भोंगा, आमच्या थोरल्याचे रडणे, सगळे त्या कॅसेटींत आले आहे. आई २०११ साली गेली.

२०१९ साली एका कॅसेटीची फीत प्लेअरमध्ये गुंतून तुटली, तेव्हा आम्ही जागे झालो. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून संगणकात घातली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर एकेक कॅसेट उतरवून घेतली. यात घाई चालत नाही. तासाची कॅसेट उतरायला तासच लागतो. सीडीच्या दर्जाने उतरवले तर मिनिटाला साधारण दहा एमबी होतात, म्हणजे अकरा तासांचे साडेसहा जीबी. आजच्या काळात ही काही मोठी साठवण नव्हे. पाचशे रुपयांच्या पेनड्राइव्हमध्ये ती बसून वर जागा उरते.

जागेची अडचण कधीच नव्हती. अडचण झाली ती प्रतींची. एक प्रत संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक जावयाच्या लॅपटॉपवर. आम्ही कधी इकडे आवाज साफ करायचो, कधी तिकडे फाइलीला नाव द्यायचो. वर्षभरात ‘आवाज’, ‘आवाज नवीन’, ‘आवाज नवीन दोन’, ‘शेवटचा’ आणि ‘शेवटचा खरा’ अशी पाच बाडे झाली, आणि त्यातले खरे कोणते हे आम्हालाही सांगता येईना. माउसने ओढून कॉपी करावे तर संगणक दर फाइलीला विचारणार, जुनी पुसून नवी ठेवू का? आठ-दहा वेळा वाचून उत्तर द्यायचे, मग कंटाळून नुसते हो-हो म्हणत जायचे. मध्येच वीज गेली तर कुठवर आले होते ते कळायला मार्ग नाही.

आमची भाची एका कॉलेजात संगणकाच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिने हे पाहिले आणि म्हणाली, “मामा, हे माउसचे काम नाही. आरसिंक वापरा.”

आरसिंक ही एक आज्ञा आहे. टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात टाइप करायची. लिनक्सवर ती बहुधा आधीपासून असते, मॅकवर असते. पैसे पडत नाहीत. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी १९९६ साली ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत असताना ती तयार केली आणि सगळ्यांना खुली करून टाकली. त्या काळात टेलिफोनच्या तारेवरून मोडेमने माहिती जायची, तीही गोगलगाईच्या चालीने. मोठ्या फाइलीत दोन ओळी बदलल्या म्हणून सगळी फाइल पुन्हा पाठवणे परवडण्यासारखे नव्हते. ट्रिजेल यांनी त्यावर जी युक्ती काढली ती आम्हाला इतकी आवडली की येथे सांगितल्यावाचून राहवत नाही.

समजा, भिशीच्या वहीच्या दोन प्रती आहेत. एक गावच्या भावाकडे, जुनी. दुसरी मुंबईच्या भावाकडे, ताजी. मध्ये एसटीडीचा फोन आहे आणि मीटर पळते आहे. सगळी वही वाचून दाखवली तर दिवाळे निघेल. मग गावचा भाऊ काय करतो, वीस-वीस ओळींच्या पानांच्या नुसत्या बेरजा वाचतो. मुंबईचा भाऊ आपल्या बेरजांशी ताडतो. ज्या पानांची बेरीज जुळली ती वाचायला नकोत. इथवर कोणालाही सुचेल. पण मुंबईकराने पहिल्याच पानावर मध्ये एक विसरलेली नोंद घुसवली असेल, तर पुढची प्रत्येक ओळ एकेक घर खाली सरकते. मग एकही बेरीज जुळत नाही आणि सगळी वही वाचणे आलेच.

ट्रिजेल यांची युक्ती इथे आहे. मुंबईचा भाऊ पानाला चिकटून राहत नाही. तो पहिल्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत बेरीज करतो. ती गावच्या यादीत नसेल तर पहिली ओळ वजा करतो, एकविसावी मिळवतो, आणि दोन ते एकवीसची बेरीज तयार! पुन्हा वीस ओळी मांडाव्या लागत नाहीत. असे एकेक ओळ सरकत तो वहीभर जातो. बेरीज जुळली की त्याला समजते, हे गावचेच पान आहे, फक्त खाली सरकले आहे. दोन वेगळ्या पानांची बेरीज योगायोगाने सारखी येऊ शकते, म्हणून गावच्या भावाने प्रत्येक पानाची आणखी एक कडक खूणही सांगितलेली असते. ती जुळली तरच खरे. शेवटी फोनवर बोलायचे ते एवढेच, की तुझ्या पहिल्या पानाऐवजी या एकवीस ओळी लिही, बाकीची तुझीच पाने ठेव.

ही युक्ती दूरच्या दोन संगणकांमध्ये कामी येते. एकाच संगणकावरून त्याला जोडलेल्या डिस्कवर उतरवायचे असेल तर आरसिंक हा खटाटोप करत नाही, बदललेली फाइल सरळ सगळी उचलते. कोणती फाइल बदलली हे ती तिच्या आकारावरून आणि शेवटच्या बदलाच्या वेळेवरून ओळखते. दोन्ही सारखे असले तर हातही लावत नाही. म्हणून पहिल्या दिवशी साडेसहा जीबी जायला वेळ लागला, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही एन्टर दाबून चहाचे भांडे गॅसवर ठेवायला वळलो तोवर काम संपले होते. काही तरी बिघडले म्हणून आम्ही पुन्हा एन्टर दाबले.

आज्ञा अशी आहे. येथे देवनागरीत छापली आहे, संगणकात आज्ञेची अक्षरे लहान इंग्रजी लिपीत टाकायची. फोल्डरचे नाव मात्र मराठीत असले तरी लिनक्सला चालते.

आरसिंक -ए -व्ही आवाज/ तिजोरी/आवाज/

पहिले नाव जिथून न्यायचे ते, दुसरे जिथे ठेवायचे ते. आडवी रेघ आणि ‘ए’ म्हणजे फोल्डरच्या आतली फोल्डरे, तारखा, सगळे जसेच्या तसे ने. ‘व्ही’ म्हणजे काय नेते आहेस ते बोलून दाखव. पहिल्या नावाच्या शेवटी जी तिरकी रेघ आहे तिने आम्हाला पहिला आठवडा छळले. रेघ दिली तर फोल्डरमधला माल जातो, न दिली तर फोल्डरसकट जातो. एकदा देऊन, एकदा न देऊन आमच्या तिजोरीत ‘आवाज’च्या पोटात दुसरा ‘आवाज’ तयार झाला होता. डब्यात डबा.

भाचीने आणखी एक अक्षर शिकवले, ‘एन’. ते घातले की आरसिंक काय-काय करणार ते सांगते, पण करत काही नाही. “मामा, आधी कोरडी तालीम, मग नाटक,” असे ती म्हणाली होती. हे वाक्य आम्ही ऐकले, मान डोलावली आणि विसरलो.

आता आमचे पाप सांगतो. २०२३ च्या फेब्रुवारीत तिजोरीची जुनी डिस्क कटकट असा आवाज करून बंद पडली. आम्ही नवी आणली. आरसिंकला एक आणखी सूचना देता येते, डिलीट. मूळ जागी जे नाही ते प्रतीच्या जागेवरूनही पुसून टाक, म्हणजे दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या. नव्या डिस्कवर आम्ही ‘आवाज’ नावाचे रिकामे फोल्डर करून ठेवले, आज्ञा टाइप केली, आणि दोन नावांची अदलाबदल झाली. नवी डिस्क आधी, संगणक नंतर. म्हणजे आम्ही संगणकाला सांगितले, या रिकाम्या फोल्डरसारखे हो. तो झाला. भराभर नावे वर सरकली, ‘व्ही’ घातला होता ना, प्रत्येक फाइल पुसल्याचे तो इमानदारीने सांगत होता. दोन सेकंद लागले असतील. आरसिंकने पुसलेले कचऱ्याच्या डब्यातही जात नाही. दुरुस्तीवाल्याकडे गेलो, त्याने दोन दिवस ठेवून घेतले आणि हात टेकले.

आईचा आवाज गेला नाही, कारण नागपूरच्या बहिणीकडे एक प्रत होती. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना आम्ही पेनड्राइव्ह खिशात घालून नेतो आणि तिच्या मुलाच्या संगणकात उतरवून येतो. बहिणीला त्याचे हसू येई. संत्र्यांची टोपली यावी तशी आईची डबी येते, म्हणायची. अकराही कॅसेटी तिच्याकडे जशाच्या तशा मिळाल्या.

पण दसरा झाल्यावर चार महिन्यांत आम्ही दुसरे एक काम केले होते. थोरल्या मावशीला एकेक ओवी ऐकवून, त्यात नाव येते ती बाई कोण, हा बंधू कुठल्या गावचा, ‘गिरणीचा संप’ म्हणजे कोणता, हे विचारून लिहून घेत होतो. मावशीला सगळे ठाऊक होते. दोनशेवर ओव्यांची टिपणे झाली होती. ती फक्त आमच्या संगणकात आणि बंद पडलेल्या डिस्कवर होती. मावशी जानेवारीतच गेली होती.

भाचीला सांगितले तेव्हा ती रागावली नाही, गप्प बसली. ते जास्त लागले.

असे फक्त आमच्यासारख्या अडाण्यांचे होते असे नाही. अमेरिकेत पिक्सार नावाची कार्टूनपट काढणारी मोठी कंपनी आहे. १९९८ साली तिथे ‘टॉय स्टोरी २’ तयार होत असताना कोणी तरी पुसण्याची एक आज्ञा चुकीच्या जागी दिली आणि चित्रपटाच्या फाइली डोळ्यांदेखत नाहीशा होऊ लागल्या. त्यांच्याकडे रोजच्या प्रती घेण्याची यंत्रणा होती. उघडून पाहिली तर ती काही आठवडे नीट चाललेलीच नव्हती आणि कोणाच्या लक्षात आले नव्हते. तारले ते गॅलिन सुसमन या तंत्रज्ञ बाईंनी. घरी तान्हे मूल होते म्हणून त्या घरून काम करत आणि त्यासाठी चित्रपटाची प्रत घरच्या संगणकात ठेवत. तो संगणक मोटारीत जपून ठेवून कचेरीत आणला गेला. चित्रपट १९९९ च्या नोव्हेंबरात लागला. बाळंतिणीने घरी नेलेले काम कंपनीला पुरले, हे आमच्या सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, यात नवल काय?

आरशासारखी प्रत आणि राखणीची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला त्या फेब्रुवारीनंतर समजले. आरसा चूकही तशीच दाखवतो. इकडे फाइल बिघडली तर रात्रीत तिकडेही बिघडते. म्हणून आता आमच्या आज्ञेत बॅकअप-डिर ही सूचना असते. जी फाइल पुसली किंवा बदलली जाणार तिची जुनी प्रत आरसिंक त्या तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये सरकवून ठेवते. दुसरी सूचना मॅक्स-डिलीट. आम्ही तिला दहाचा आकडा दिला आहे. दहापेक्षा जास्त फाइली ती पुसणार नाही, मग आम्ही कितीही अदलाबदल करो. आणि ‘एन’. आता आम्ही ‘एन’ घातल्याशिवाय एन्टरला बोट लावत नाही. कोरड्या तालमीत पुसण्याची लांब यादी दिसली की हात मागे घ्यायचा.

ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनाही मार्ग आहे. त्यात रोबोकॉपी नावाची आज्ञा असते. तिला मिर ही सूचना दिली की ती आरसा करते, पुसण्यासकट, म्हणजे तोच धोका. तिथे कोरडी तालीम ‘एल’ या अक्षराने होते. पेनड्राइव्ह वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. पुष्कळ पेनड्राइव्ह फॅट पद्धतीने आखलेले येतात. फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही, लग्नाची व्हिडिओ फिल्म तिथेच अडते. शिवाय फॅट वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्याने नोंदवते, त्यामुळे आरसिंकला न बदललेल्या फाइली बदललेल्या वाटतात आणि ती सगळे पुन्हा नेत बसते. त्यावर मॉडिफाय-विंडो ही सूचना एक सेकंदाची सूट देते. बाकी वायरने कायम जोडलेली डिस्क ही राखण नव्हे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा विषाणू जगभर पसरला. त्याने संगणकातल्या फाइलींबरोबर जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलपे घातली आणि खंडणी मागितली. प्रत काढली की डिस्क काढून कपाटात.

आम्ही ओव्यांपायी हे शिकलो, पण घरात याहून निकडीची बाडे असतात. आमच्या चाळीत एका मुलीचे जात पडताळणीचे प्रकरण आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावाचून अडले होते. १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा हवा असतो. मूळ दाखला पावसात लगदा झालेला. पण कोणे एके काळी मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो चुलत भावाच्या पेनड्राइव्हवर निघाला. फोटो म्हणजे दाखला नव्हे, पण त्यात शाळेचे नाव आणि रजिस्टरचा नंबर वाचता आला, त्यावरून शाळेने नवी नक्कल दिली. तेव्हा दाखले, वैधता प्रमाणपत्र, खोलीची कागदपत्रे, गिरणीतला आजोबांचा पास यांचे फोटो काढून एका फोल्डरात ठेवा आणि तो फोल्डर दोन घरी असू द्या. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, चांगला आहे, पण त्यात आजोबांचा चौथीचा दाखला मिळणार नाही.

ओव्यांचे म्हणाल तर मोठे काम आधीच झालेले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगाव फिरून बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्याही त्यांच्या चमूने टेपवर घेतल्या. ते सगळे कागदावरून आणि फितीवरून संगणकात आले, आणि २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय ते इंटरनेटवर ठेवत आहे. आमची आई त्यात नाही. तिच्याकडे कोणी आले नव्हते, आम्हीच होतो.

आता व्यवस्था अशी आहे. एक प्रत आमच्या संगणकात, एक कपाटातल्या डिस्कवर, एक नागपूरला. दसऱ्याची वाट पाहायची नाही, म्हणून भाचीने मुंबई-नागपूर अशी जोडणी करून दिली आहे. रविवारी रात्री भाचा तिकडे संगणक सुरू करतो, आम्ही इकडे आज्ञा देतो, आणि भिशीच्या वहीसारख्या नुसत्या बेरजांची देवाणघेवाण होऊन मिनिटभरात काम उरकते. मोबाइलच्या इंटरनेटवर भागते. महिन्यातून एकदा भाचा तिथली कुठलीही एक ओवी उघडून फोनवर ऐकवतो. प्रत आहे म्हणणे आणि प्रत वाजणे यात फरक आहे, हे पिक्सारवाल्यांकडून शिकलो.

टिपणांपैकी नव्वदेक आम्ही आठवून लिहिली. काही ओव्यांतली माणसे मात्र आता अनोळखीच राहतील असे दिसते. धाकटी मावशी बदलापूरला असते. तिची ऐकण्याची शक्ती कमी झाली आहे, पण हेडफोन लावला की आईचा आवाज ओळखते आणि बोलू लागते. या रविवारी तिच्याकडे जाणार आहोत. लॅपटॉप नेणार नाही, ती त्याला बिचकते. वही घेतली आहे, आणि भाचीने बजावले म्हणून कार्बन पेपरही.